विसाव्याच्या वेळचा अपघात आणि शेतमालकाची जबाबदारी

मृग लागून आवणीस आरंभ झाला म्हणजे महाड व पोलादपूर तालुक्यांत मजुरांची ओढ किती पडते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. घरचे तरुण पुरुष मुंबईस अथवा महाडच्या कारखान्यांत. शेतांत उतरावयाचें तें बायांनीं व म्हाताऱ्यांनीं. तेव्हां दहा-बारा बाया व दोन-तीन गडी रोजावर घेऊन खाचरें उरकून घेणें भाग पडतें. माणसें सकाळीं येतात, दुपारीं सुटतात, बांधावरच्या आंब्याखालीं किंवा जांभळीखालीं भाकरी सोडतात, घटकाभर पाठ टेकतात आणि पुन्हा चिखलांत उतरतात. ह्या एका घटकेविषयींच आज आम्हांस लिहावयाचें आहे.

त्या घटकेंत झाडाची वाळकी फांदी मोडून एखाद्याच्या डोक्यांत पडली, जांभ्या दगडाच्या गडग्यांतून विंचू निघून त्यानें हातास नांगी मारली, किंवा पाणी प्यावयास पंपघरांत गेलेल्या बाईस विजेचा झटका बसला, तर त्याची जबाबदारी कोणावर? बाजारच्या दिवशीं चार शेतकरी जमले व हा विषय निघाला कीं उत्तर ठरलेलें असतें: "तो त्या वेळीं काम करीत नव्हता, जेवत होता, मालकाचा त्याच्याशीं काय संबंध?" ऐकावयास हें सरळ वाटतें, पण कायद्यापुढें तें टिकत नाहीं, आणि त्यावर विसंबून राहणाऱ्या शेतकऱ्यास एखादे वेळीं जमिनीचा तुकडा विकण्याची पाळी येऊं शकेल.

मुळांत हा कायदा शेतकऱ्यास लागतो काय, तें आधीं पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं हीं बंधनें गिरण्या, गोद्या व रेल्वे ह्यांच्यासाठीं आहेत. नांगरधाऱ्यास त्यांची बाधा नाहीं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला, त्या काळीं ही समजूत बरीचशी खरी होती. पुढें त्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत एकेक धंदा चढत गेला. ट्रॅक्टरनें अथवा वाफेच्या, यंत्राच्या किंवा विजेच्या शक्तीवर चालणाऱ्या साधनांनीं केलेली शेती; कूपनलिका बांधणें व चालविणें; पिकांवर कीटकनाशकें फवारणें; यंत्रानें कापणी व मळणी; ट्रॅक्टर व पॉवर टिलर चालविणें व दुरुस्त करणें; झाडें तोडणें; अशीं सर्व कामें त्या यादींत आलीं. नैमित्तिक मजुराविषयीं जुन्या व्याख्येंत जी सूट होती, तीहि २००० सालच्या दुरुस्तीनें काढून टाकण्यांत आली. तेव्हां "दोन दिवसांचा रोजकरी, त्याचें कसलें आलें आहे?" ह्या म्हणण्यास आतां आधार राहिला नाहीं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा जाऊन त्याच्या जागीं सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली. पुस्तक बदललें, पण भरपाईचा गाभा संहितेंत जवळजवळ जसाच्या तसा उतरला आहे. म्हणून गेल्या शंभर वर्षांतील निवाडे आजहि उपयोगी पडतात.

पोलादपूरकडील वरकस उतारावर केवळ बैल व कुदळ ह्यांच्या बळावर नाचणी-वरी पिकविणारा शेतकरी त्या यादीच्या बाहेर राहील, हें खरें. पण असे शेतकरी आतां किती उरले? खाचर उखळावयास पॉवर टिलर येतो, उन्हाळी भाजीस विजेचा पंप लागतो, झोडणीऐवजीं मळणीचें यंत्र फिरतें. यंत्र आलें कीं त्याच्या मागोमाग कायदा येतो. शिवाय जो यादीबाहेर राहिला तोहि सर्वस्वीं मोकळा नव्हे. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास दिवाणी दाव्याचा मार्ग आहेच. भेद इतकाच कीं, दिवाणी दाव्यांत मालकाची चूक दाखवावी लागते आणि ह्या भरपाईच्या कायद्यांत चूक कोणाची हा प्रश्नच मुख्य नसतो. मालक कितीहि सज्जन व सावध असला, तरी अपघात कायद्याच्या शब्दांत बसला म्हणजे भरपाई द्यावी लागते.

ते शब्द कोणते? अपघात "नोकरीतून उद्भवलेला" पाहिजे आणि "नोकरीच्या ओघांत घडलेला" पाहिजे. पहिली अट कारणाची, दुसरी वेळेची व जागेची. विसाव्याचा सारा वाद ह्या "ओघ" शब्दांत आहे. पाटाचें पाणी खाचरांतून जातांना एखाद्या खळग्यांत क्षणभर थबकतें, म्हणून पाट तुटला असें कोणी म्हणत नाहीं. मनुष्य सकाळपासून सायंकाळपर्यंत चिखलांत वांकून राहूं शकत नाहीं. त्यास भाकरी, पाणी व लघुशंका ह्यांसाठीं थांबावेंच लागतें, आणि त्या थांबण्यामुळेंच पुढचें काम होतें. न्यायालयांनीं हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली आहे.

हे शब्द विलायतेच्या १८९७ सालच्या कायद्यांतून आपल्याकडे आले, म्हणून तिकडचे कांहीं निवाडे येथें देतों. १९०४ सालीं निकाल झालेल्या एका खटल्यांत एक गवंडी तासावर मजुरी घेणारा होता. जेवणाच्या सुटीची मजुरी त्यास मिळत नसे. तो घरीं न जातां कामाच्याच आवारांत भाकरी खात बसला असतां भिंत कोसळून जखमी झाला. मालकाचें म्हणणें आमच्या बाजारांतल्या मंडळींसारखेंच होतें: त्या वेळेची मजुरी मीं देत नाहीं, तेव्हां त्या वेळेचा मी जबाबदारहि नाहीं. न्यायालयानें तें मानलें नाहीं. मजुरीचा हिशेब तुटला तरी नोकरीचा ओघ तुटला नाहीं, असें ठरलें. १९२० सालीं तेथील लॉर्डांच्या सभेनें दारूगोळ्याच्या कारखान्यांतील एका कामगार स्त्रीचा दावा मान्य केला. ती जेवणाच्या सुटींत मालकानें ठेवलेल्या उपाहारगृहाकडे जातांना पायऱ्यांवर पडली होती.

पण ह्याच्या उलट बाजूचेहि निवाडे आहेत व ते मालकानें व मजुरानें सारखेच ध्यानांत ठेवावे. १९०९ च्या एका प्रकरणांत एक कामगार जेवणासाठीं कढत पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला व टाकींत पडला. बसावयास दुसरी सुरक्षित जागा असतां त्यानें आपण होऊन नवा धोका ओढवून घेतला, म्हणून भरपाई नाहीं. १९६६ सालीं एक कामगार चहाची ठरलेली दहा मिनिटें संपून गेल्यावरहि धूम्रपानाच्या जागेपाशीं आपली पाळी येण्याची वाट पाहत बसून राहिला, आणि तेथें गाडीचा धक्का लागून जखमी झाला. तोहि ओघाबाहेर ठरला. ह्या दुसऱ्या निवाड्यांत न्यायालय थोडें कठोर झालें असें आम्हांस वाटतें. तंबाखूची चिमूट मळण्यास किती वेळ लागतो ह्याचा हिशेब आपल्याकडे घड्याळ लावून कोणी करीत नाहीं. तरी तत्त्व स्पष्ट आहे: मालकास माहीत असलेल्या वेळीं, मालकाच्या जागेंत, साधारण मनुष्य करील तसा विसावा हा कामाचाच भाग, आपल्या खासगी हेतूनें अथवा आपल्या हट्टानें केलेलें धाडस हा नव्हे.

आपल्या देशांतहि हा प्रश्न वारंवार आला, आणि त्यांतले कांहीं निवाडे महाराष्ट्रांतलेच आहेत. १९५२ च्या डिसेंबरांत कुर्ला स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या चाळींत राहणारा एक नोकर मध्यरात्रींच्या सुमारास कामावर जावयास घरांतून निघाला, तोंच कोणा अज्ञात मनुष्यानें त्यास भोसकून ठार केलें. चाळींतून स्टेशनाकडे जाण्यास रेल्वेच्या आवारांतूनच वाट होती. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति छगला ह्यांनीं त्याच्या विधवेचा दावा मान्य केला. ज्या शेतकऱ्यांनीं आपला सालगडी शेतांतल्या खोपींत ठेवला आहे त्यांनीं ह्या निवाड्याकडे लक्ष द्यावें. गडी खोपींतून गोठ्याकडे निघाला, त्याची वाट तुमच्या बांधावरूनच जाते, आणि वाटेंत त्यास फुरशानें दंश केला. अजून त्यानें दावणीस हात लावला नव्हता, हें उत्तर पुरेल असें समजूं नये.

१९५७ सालीं मुंबईच्या बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरीच्या डेपोंत काम आटोपून दुसऱ्या बसनें घरीं जात असतां त्या बसला अपघात होऊन मरण पावला. १९६३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, चालकांना बसमधून जाण्याची मुभा ही सेवा नीट चालावी म्हणूनच दिली होती, तेव्हां हा प्रवासहि नोकरींत धरला पाहिजे. उलट सौराष्ट्रांतील मिठागराचे कामगार काम संपवून घरीं परततांना खाडींत नाव उलटून बुडाले, त्यांच्या प्रकरणीं १९५८ सालीं त्याच न्यायालयानें दावा फेटाळला. कारण वाट सार्वजनिक, नाव सार्वजनिक, मालकाचा तिच्याशीं संबंध नाहीं. सावित्रीच्या कांठच्या लोकांस ह्या निकालाचें दुःख अधिक कळेल.

अगदीं अलीकडचा निवाडा २९ जुलै २०२५ चा आहे. धाराशिव जिल्ह्यांतील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याची पाळी पहांटे तीनपासून होती. २२ एप्रिल २००३ रोजीं तो मोटारसायकलीनें कामावर जावयास निघाला व कारखाना सुमारें पांच किलोमीटरांवर असतां अपघातांत मरण पावला. भरपाई आयुक्तांनीं कुटुंबास ३,२६,१४० रुपये मंजूर केले; उच्च न्यायालयानें ते रद्द केले; आणि मृत्यूनंतर बावीस वर्षांनीं सर्वोच्च न्यायालयानें ते परत दिले. घरांतून कामावर जातांना किंवा कामावरून घरीं येतांना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा व परिस्थिति ह्यांचा नोकरीशीं सांधा जुळत असेल तर, नोकरींतलाच समजावा असें ठरलें. नव्या संहितेंत हीच तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. जेथें गांवापासून कारखान्यापर्यंतची वाटहि नोकरींत धरली जाऊं लागली, तेथें शेताच्या बांधावरची दुपार बाहेर कशी राहील?

आतां हीं तत्त्वें आपल्या खाचरांत लावून पाहूं. जेवणाच्या सुटींत बाया तुमच्याच झाडाखालीं बसल्या व फांदी पडली, तर तो अपघात ओघांतला. तुमच्या विहिरीवर पाणी काढावयास गेलेला गडी थारोळ्यावरून घसरून आंत पडला, तरी ओघांतला; कारण काम करणाऱ्यास पाणी लागणार हें तुम्हांस ठाऊक होतें. बांधावर झोळी टांगून तान्हें मूल निजविलेलें असतें व त्याची आई मधूनच त्यास पाजावयास जाते. तिचें तें जाणेंहि आमच्या मतें ओघांतलेंच, कारण ती मुलासह कामावर येते हें पाहूनच मालकानें तिला घेतलेलें असतें. परंतु तोच गडी सुटींत सावित्रीच्या डोहांत मासे धरावयास गेला, किंवा एखादी बाई रानभाजी खुडावयास पलीकडच्या डोंगरांत शिरली, तर तें त्यांचें स्वतःचें काम. तेथें मालकावर बोजा टाकणें कठीण. दारूच्या अमलाखालीं झालेल्या इजेस मालक हरकत घेऊं शकतो. पण इजेनें मृत्यु अथवा कायमचें संपूर्ण अपंगत्व आलें असतां ही हरकत चालत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

इर्जिकीचें काय, असें कोणी विचारील. एकमेकांच्या शेतांत पाळीपाळीनें फुकट राबण्यांत मजुरीचा करार नसतो, तेव्हां तेथें मालक व मजूर हें नातेंच उभें राहत नाहीं. मात्र इर्जिकीच्या नांवाखालीं रोज मोजून दिला असेल, तर नांवानें कांहीं पालटत नाहीं.

दुसरी अट कारणाची. विंचू कोठेंहि चावतो, वीज कोणावरहि पडते. मग ती इजा "नोकरीतून उद्भवली" असें कसें म्हणावें? विलायतेंत १९०४ सालीं उंच पहाडावर बांधकाम करणाऱ्या गवंड्यावर वीज पडली, त्यास भरपाई मिळाली. १९०८ सालीं रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरावर वीज पडली, त्याच्या कुटुंबास मिळाली नाहीं. पहिल्यास कामामुळें इतरांहून अधिक धोका होता, दुसऱ्यास नव्हता, हें त्यांतलें इंगित. आपल्याकडे शंभर इंचांवर पाऊस. आवणीच्या दिवसांत मोकळ्या माळावर एकटें उंच झाड, आणि त्याखालीं मालकानेंच बसावयास सांगितलें. अशा ठिकाणीं जास्त धोका नव्हता असें म्हणणें अवघड जाईल. विंचवाविषयीं तर आपला मुलूख प्रसिद्धच आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं बिरवाडीच्या आरोग्य केंद्रापासून आरंभ करून लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हें औषध लागू पडतें हें जगास दाखविलें, व २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. ज्या दंशानें पूर्वीं माणसें हटकून दगावत, त्यावर येथेंच उपाय सांपडला. म्हणून दंश झालेल्या मजुरास मांत्रिकाकडे बसवून ठेवून वेळ घालविणें हें आतां आपल्या तालुक्यांत अक्षम्य होय. गडग्यालगत, पेंढ्याच्या उडवीशीं अथवा दगडांच्या राशीवर लोकांस बसूं देणें म्हणजे धोका आपण दाखवून देणें.

विसावा एका घटकेचा न राहतां एका दिवसाचा झाला तर? २८ जुलै २०१८ रोजीं, शनिवारीं, दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचे कर्मचारी विद्यापीठाच्या बसनें महाबळेश्वरास सहलीस निघाले होते. पोलादपूर तालुक्यांत आंबेनळी घाटांत ती बस दरींत कोसळली व आंतील माणसें मरण पावलीं. एकटा एक वांचला. आपल्या भातांच्या जाती व आंब्याच्या कलमांसाठीं त्या संस्थेशीं आपला जुना संबंध, म्हणून तें दुःख आपल्या घरचें होतें. कायद्याच्या नजरेनें मात्र प्रश्न नाजूक आहे. सहल खुशीची असेल तर नुसतें वाहन मालकाचें आहे एवढ्यावरून ती नोकरी ठरत नाहीं. सहलीस जाणें मालकानें बंधनकारक केलें असेल तर ठरूं शकेल. आणि ज्यास गाडी हांकण्याच्या कामावर धाडलें असेल तो इतरांच्या सुटीच्या दिवशींहि कामावरच असतो. एकाच गाडींत बसलेल्यांचा कायदा असा वेगवेगळा होऊं शकतो. वाहनाच्या अपघातांत मोटार वाहन कायद्याचा दुसरा मार्गहि असतो, पण एकाच अपघाताची भरपाई दोन्हीकडून मागतां येत नाहीं. एक मार्ग निवडावा लागतो.

ह्यावरून आम्हांस आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची आठवण होते. आवणीस बाया आणावयाच्या, दुपारीं दुसऱ्या शेतावर न्यावयाच्या, सायंकाळीं वाडीवर पोंचवावयाच्या, त्या सर्व उभ्या ट्रॉलींत. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो, माणसें वाहण्याचा नसतो. अपघात झाला म्हणजे विमा कंपनी नेमकें हेंच बोट दाखविते, आणि सारा बोजा मालकाच्या अंगावर येतो.

बोजा किती, तेंहि पाहूं. मृत्यु झाल्यास मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम घेऊन तिला वयाप्रमाणें ठरलेल्या अंकानें गुणावयाचें, अशी रीत आहे. जुन्या कायद्याच्या कोष्टकांत २५ व्या वर्षाचा अंक २१६.९१, ४० व्या वर्षाचा १८४.१७, ५० व्या वर्षाचा १५३.०९ असा आहे. आणि हिशेबांत धरावयाच्या मजुरीची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून दरमहा १५,००० रुपये करण्यांत आली होती. आतां चाळीस वर्षांच्या एका मजुराची मासिक मजुरी १०,४०० रुपये धरली गेली, तर निम्मे ५,२०० रुपये, त्यांस १८४.१७ नें गुणिलें असतां ९,५७,६८४ रुपये होतात. मजूर पंचवीस वर्षांचा असेल तर हीच रक्कम ११,२७,९३२ रुपये होईल. एक महिन्याच्या आंत रक्कम भरली नाहीं तर शेंकडा १२ प्रमाणें व्याज चढतें, आणि विलंबास सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडहि होऊं शकतो. दोन एकरांच्या धन्यास ही रक्कम काय आहे हें सांगावयास नको. तिकडे ज्या घरचा मिळविता माणूस गेला, त्या घरास तीच रक्कम म्हणजे मुलांचें शिक्षण व दोन वेळचें अन्न होय. दोन्ही घरें एकाच गांवचीं असतात, हें ह्या प्रश्नाचें खरें अवघडपण.

मजूर मुकादमानें आणले म्हणून जमीनमालक सुटतो, हाहि एक गैरसमज आहे. वीटभट्टीवर अथवा आंबा उतरविण्यास कातकरी कुटुंबें मुकादमामार्फत येतात, त्यांस उचल त्याचीच असते. तरी काम तुमच्या धंद्याचें व जागा तुमची असेल तर भरपाई आधीं तुमच्याकडून वसूल होते, मग तुम्ही ती मुकादमाकडून मागावी. मुकादमापाशीं काय सांपडतें, तें ज्याचें त्यानें ताडावें.

महसूल खात्यांतील आमच्या चाकरींत अनेक पंचनामे व जबाब आमच्या हातांखालून गेले. त्यांत वारंवार दिसणारी एक गोष्ट अशी कीं, अपघातानंतर गांवकी बसते, पोलीस पाटील व चार जाणते मध्यें पडतात, मालक पन्नास-साठ हजार रुपये देतो, आणि मुद्रांकावर "यापुढें आमची कोणतीहि तक्रार नाहीं" असें लिहून विधवेचा आंगठा घेतात. मालकास वाटतें प्रकरण मिटलें. पण मृत्यूची भरपाई वारसांच्या हातीं परस्पर देणें ह्यास कायदा भरपाई समजतच नाहीं. ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते व तो वारसांत वांटून देतो. तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंत आगाऊ दिलेली रक्कम तेवढी वळती होऊं शकते. भरपाईचा हक्क सोडून देणारा करारहि निरर्थक असतो. म्हणजे मालकाचे पैसे जातात, कागद हातीं राहतो, आणि पुढें वारसांनीं अर्ज केला तर सर्व रक्कम नव्यानें भरावी लागते. विधवेच्या बाजूनेंहि हें वाईटच. कारण ज्या दिवशीं आंगठा घेतात त्या दिवशीं तिला आपला हक्क किती आहे हें सांगणारा कोणी जवळ नसतो.

सरकारी मदतीवर विसंबून राहणेंहि ठीक नव्हे. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवें चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेंत मृत्यूस २ लाख रुपये मिळतात, पण ते ज्याचें नांव सातबारावर आहे त्यास व त्याच्या कुटुंबांतील एकास. भूमिहीन मजूर त्या योजनेंत बसत नाहीं. वीज पडून मृत्यु झाल्यास नैसर्गिक आपत्तीची मदत मिळूं शकते. परंतु ती मिळाली म्हणून मालकाची जबाबदारी असल्यास ती संपत नाहीं. कारखान्यांतील कामगारास, जेथें राज्य विमा योजना लागू आहे तेथें, विम्याचा आधार असतो. आपल्या बांधावरच्या मजुरामागें मालकाखेरीज कोणी उभा नाहीं.

मग करावें काय? पहिलें काम विम्याचें. मजुरांच्या भरपाईचा स्वतंत्र विमा सर्वसाधारण विमा कंपन्यांकडून उतरवितां येतो. एकट्यास तो जड वाटेल. पण वाडींतल्या दहा खातेदारांनीं हंगामापुरता मिळून चौकशी केली तर तो आटोक्यांत येईल असें आमचें मत आहे, आणि आपल्या संघानें हें काम हातीं घ्यावें अशी आमची सूचना आहे. विमापत्रांत शेतीकाम, फवारणी, मळणी व विसाव्याची वेळ हीं स्पष्ट लिहून घ्यावीं. दुसरें, बसावयाची जागा मालकानें स्वतः नेमून द्यावी: वाळकी फांदी तोडलेली, गडग्यापासून दहा पावलें दूर, पावसाळ्यांत एकट्या उंच झाडाखालीं नव्हे तर घराच्या पडवींत किंवा मांडवांत. पिण्याचें पाणी हंड्यांत भरून तेथेंच ठेवावें, म्हणजे कोणास विहिरीवर अथवा पंपघरांत जावयाचें कारण उरणार नाहीं. पंपघरास कुलूप असावें व पंपाची जमिनीशीं जोडलेली तार दरवर्षीं पावसापूर्वीं तपासून घ्यावी. विहिरीचा कठडा पडला असेल तर तो आवणीच्या आधींच बांधावा. मग त्यास गवंडी मिळत नाहीं. फवारणीच्या दिवशीं साबण व पाणी जेवणापूर्वीं हाताशीं पाहिजे, कारण विषारी औषधाचा हात भाकरीस लागणें हाहि विसाव्याच्या वेळचाच अपघात होय.

तिसरें, हजेरीची वही ठेवावी. कोण आलें, किती वाजतां आलें, सुटी केव्हां झाली, मजुरी किती दिली, हें रोजच्या रोज एका ओळींत लिहावें. अपघात झाल्यास आधीं दवाखाना, मग पोलीस ठाण्यास वर्दी व जागेचा पंचनामा, आणि विमा कंपनीस लेखी सूचना. पंचनाम्यांत झाड, विहीर, पंपघर ह्यांचीं अंतरें पावलांनीं मोजून लिहून घ्यावीं व "जेवणाची सुटी चालू असतां" हे शब्द खरे असतील तर तेहि लिहावे. ते शब्द गाळले म्हणजे मालक वांचतो अशी समजूत आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली. पण सुटीचा अपघात विमापत्रांत बसत असतां तेच शब्द गाळल्यामुळें विमा कंपनीस हरकत घ्यावयास जागा सांपडते. आणि मृत्यूची रक्कम द्यावयाची झाल्यास ती अधिकाऱ्याकडे भरून पावती घ्यावी. ती पावती सातबाराच्या उताऱ्याबरोबर एकाच पिशवींत ठेवावी.